कार्बॉलिकपासून ओव्यापर्यंत : जंतुरोधक प्लास्टिकची गोष्ट

मंडळी, इथल्या कुठल्याही मोठ्या दुकानात घरगुती सामानाच्या रांगेतून एक चक्कर मारा. भाजी चिरायचा बोर्ड, बाळाचं खेळणं, शॉवरचा पडदा, टूथब्रश, अगदी कचऱ्याची पिशवीसुद्धा! कितीतरी वस्तूंवर ‘अँटिमायक्रोबियल’ असा शिक्का दिसेल. अलीकडे त्याच्या शेजारी एक हिरवं पान छापलेलं असतं आणि खाली ‘प्लांट बेस्ड’. म्हणजे जंतू मरणार आणि शिवाय सगळं कसं निसर्गाकडून आलेलं.

मी माटुंग्याच्या यूडीसीटीतून प्लास्टिकचं शिक्षण घेऊन १९८४ साली न्यू जर्सीत आलो. निवृत्त होईपर्यंत प्लास्टिकच्या दाण्यात निरनिराळी द्रव्यं मिसळायचं काम केलं. आमच्या धंद्यात त्याला कंपाउंडिंग म्हणतात. त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी हमखास विचारतं, “काका, हे खरंच जंतू मारतं का हो?” नातवंडं सगळं तोंडात घालायच्या वयाची असतात, भारतातून आलेले आईवडील नाजूक प्रकृतीचे असतात, म्हणून प्रश्न नुसता चौकशीचा नसतो. त्याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो मला फार गमतीचा वाटतो, आणि त्यात आपल्या स्वयंपाकघरातला ओवाही आहे.

एकाच घरातली दोन भावंडं

सुरुवात करू या ग्लासगोपासून. ऑगस्ट १८६५ मध्ये तिथल्या इस्पितळात ११ वर्षांच्या एका मुलाला आणलं. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून जखम उघडी पडलेली. त्या काळी अशी जखम हमखास सडायची आणि पाय कापावा लागायचा. जोसेफ लिस्टर या सर्जननं त्या जखमेवर कार्बॉलिक ॲसिडची पट्टी बांधली. कार्बॉलिक म्हणजे फिनॉल, कोळशाच्या डांबरातून निघणारं. मुलाचा पाय वाचला. १८६७ मध्ये लिस्टरनं ‘लॅन्सेट’मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली आणि जंतुनाशक शस्त्रक्रियेचं युग सुरू झालं.

आता चाळीस वर्षं पुढे या. न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्समध्ये लिओ बेकलंड हा मूळचा बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ हेच फिनॉल घेऊन बसला होता. त्यानं ते फॉर्माल्डिहाइडबरोबर उष्णतेनं आणि दाबानं एकत्र केलं आणि १९०७ साली बेकेलाइट तयार झालं. जगातलं पहिलं संपूर्ण कृत्रिम प्लास्टिक. पुढे त्याचा कारखाना निघाला तो पर्थ अँबॉयला, म्हणजे आपण शनिवारी ओक ट्री रोडवर वाणसामान आणायला जातो त्याच्या अगदी जवळ! आपल्यापैकी अनेकांच्या घरी होते ते विजेचे काळे खटके, जुने टेलिफोन, रेडिओचे डबे, सगळे याच कुळातले.

म्हणजे गंमत पाहा. पहिलं गाजलेलं जंतुनाशक आणि पहिलं कृत्रिम प्लास्टिक ही एकाच फिनॉलची लेकरं. मग बेकेलाइटचा टेलिफोन जंतू मारत होता का? नाही. कारण बेकेलाइटमधलं फिनॉल रेणूंच्या जाळ्यात कायमचं बांधलं गेलेलं असतं. ते बाहेर येत नाही, जंतूपर्यंत पोचत नाही, म्हणून त्याचा गुण उरत नाही. या सगळ्या विषयाची गोम इथेच आहे. प्लास्टिकमधलं औषध सहसा थोडं थोडं बाहेर आलं तरच काम करतं, आणि बाहेर येत राहिलं की एक दिवस संपतं. पुढच्या शंभर वर्षांची सगळी खटपट ही फक्त ‘किती हळू बाहेर येऊ द्यायचं’ याचीच आहे.

ओव्याची परदेशवारी

फिनॉलचा एक चुलतभाऊ आपल्या फडताळात बसलेला असतो. त्याचं नाव थायमॉल. ओव्याच्या दाण्यात साधारण २ ते ४ टक्के तेल असतं आणि त्या तेलात निम्म्याच्या आसपास थायमॉल. ओवा चोळल्यावर येणारा तो झणझणीत वास याचाच. आपल्याकडे आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ म्हणून जे पांढरे खडे मिळतात तोही थायमॉलच. कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एका बाटलीत घातलं की तिन्ही घन पदार्थांचं आपोआप पाणी होतं. आजीच्या कपाटातली अमृतधारा ती हीच.

रसायनशास्त्राच्या भाषेत थायमॉल म्हणजे फिनॉललाच कार्बनच्या दोन शेपट्या जोडलेल्या. त्या शेपट्यांमुळे तो जंतूच्या तेलकट पापुद्र्यात सहज शिरतो आणि फिनॉलपेक्षा कितीतरी जालीम ठरतो. सेंट लुइसमध्ये १८७९ साली तयार झालेल्या आणि लिस्टरचंच नाव लावणाऱ्या ‘लिस्टरीन’मध्ये आजही थायमॉल असतो.

पहिल्या महायुद्धाआधी जगातला बराचसा थायमॉल जर्मनीत बनायचा आणि त्याचा कच्चा माल होता हिंदुस्थानातून जाणारा ओवा. १९०९ साली रॉकफेलरनं १० लाख डॉलर देऊन अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ११ राज्यांत आकडी कृमीविरुद्ध मोहीम काढली. अनवाणी चालणाऱ्या गरीब शेतकऱ्यांच्या पोटातल्या त्या कृमीवर मुख्य औषध होतं थायमॉल. पोटातल्या कृमीवर ओवा द्यायचा हे आपल्या आज्यांना सांगावं लागलं नसतं. १९१४ मध्ये युद्ध पेटलं, जर्मनीची वाट बंद झाली, थायमॉलची टंचाई झाली. पुढे तो कारखान्यात कृत्रिमरीत्या बनू लागला आणि ओवा पुन्हा आपल्या डब्यात परतला. प्लास्टिकशी त्याची गाठ पडायला अजून बराच अवकाश होता.

सैन्याचे तंबू आणि शॉवरचा पडदा

प्लास्टिकमध्ये जंतुरोधक द्रव्य घालायची गरज का पडली? माणसाला वाचवायला नव्हे, तर प्लास्टिकलाच वाचवायला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्य पॅसिफिकच्या दमट बेटांवर उतरलं आणि तिथल्या बुरशीनं तंबू, पट्टे, तारांची वेष्टणं सगळं खायला सुरुवात केली. सैन्याच्या प्रयोगशाळेत या बुरश्यांचा मोठा संग्रहच झाला. सॉलोमन बेटांमधल्या कुजक्या कापडावर सापडलेली एक बुरशी तर इतकी खादाड निघाली की तिची वंशावळ आज जगभर कापूस आणि लाकूड विरघळवणारी एन्झाइम्स बनवायला वापरतात.

शुद्ध प्लास्टिक बुरशीला सहसा पचत नाही. पण मऊ पीव्हीसीमध्ये लवचिकपणासाठी जी तेलं घालतात ती तिची मेजवानी. शॉवरच्या पडद्याखाली जो काळा नाहीतर गुलाबी डाग पडतो तो याच जेवणावळीचा. म्हणून पीव्हीसीत जंतुरोधक द्रव्यं मिसळायला सुरुवात झाली. त्यातलं कित्येक वर्षं सर्रास चालणारं एक द्रव्य तर आर्सेनिकचं, म्हणजे आपल्या सोमलाचं नातेवाईक होतं! ‘जंतुरोधक’ हा शब्द मूळचा असा वस्तूच्या रक्षणासाठी आला. माणसाच्या रक्षणाचा अर्थ त्याला जाहिरातींनी चिकटवला.

चांदीचं पाणी, दगडाचं पोळं

इराणचा राजा सायरस मोहिमेवर निघाला की उकळलेलं पाणी चांदीच्या भांड्यांतून बरोबर नेत असे, असं हेरोडोटसनं लिहून ठेवलंय. आपण तान्ह्या बाळाला चांदीच्या बोंडल्यानं दूध पाजायचो ते आठवतंच असेल. याला शास्त्रीय नाव दिलं स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यानं. तांब्याच्या अगदी अत्यल्प अंशानंही पाण्यातलं शेवाळ मरतं हे त्यानं पाहिलं. १८९३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, ते संशोधन प्रसिद्ध झालं. चांदी, तांबं, जस्त या धातूंचे आयन जंतूच्या प्रथिनांना चिकटतात आणि त्याचं काम बंद पाडतात.

पण ही चांदी प्लास्टिकमधून हळूहळू सोडायची कशी? १९८० च्या दशकात जपान्यांनी त्याला झिओलाइटचा उपाय काढला. झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम आणि सिलिकाचं, आतून मधाच्या पोळ्यासारखं पोकळ खनिज. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत याचे फार सुंदर स्फटिक सापडतात. नाशिकजवळ सिन्नरला ‘गारगोटी’ नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे, भारतात गेलात की जरूर बघा. कारखान्यात वापरतात तो झिओलाइट मात्र कृत्रिम असतो. त्याच्या पोकळ्यांत सोडियम बसलेला असतो. त्याला उठवून तिथे चांदीचे आयन बसवायचे आणि ती भुकटी प्लास्टिकमध्ये मिसळायची. पुढे पृष्ठभागावर ओल आली, त्या ओलीत घामातलं किंवा अन्नातलं मीठ आलं, की सोडियम पुन्हा आपली जागा घेतो आणि चांदी बाहेर पडते. खनिज असल्यामुळे कारखान्यातल्या दोन-अडीचशे अंशांच्या तापमानालाही ते दाद देत नाही. आम्हा कंपाउंडिंगवाल्यांना याहून काय हवं! त्रास एवढाच की उजेडानं आणि उष्णतेनं चांदीमुळे पांढरं प्लास्टिक पिवळट पडायचं, आणि गिऱ्हाइकाला तर पांढरं शुभ्र हवं असायचं.

जुलै १९९६ मध्ये ओसाकाजवळच्या साकाई शहरात शाळेच्या जेवणातून ‘ओ-१५७’ या ई. कोलाय जंतूची साथ पसरली. हजारो मुलं आजारी पडली. त्यानंतर जपानात जंतुरोधक वस्तूंची लाट आली, पेनापासून जिन्याच्या कठड्यापर्यंत. एक बरं झालं, या लाटेमागोमाग मोजमापही आलं. २००० साली जपाननं त्यासाठी प्रमाण चाचणी ठरवली आणि २००७ मध्ये तीच ‘आयएसओ २२१९६’ म्हणून जगानं घेतली.

ही चाचणी समजून घेण्यासारखी आहे. ५ सेंटिमीटरच्या चौकोनी तुकड्यावर जंतूंचं पाणी टाकतात, वर पातळ फिल्म झाकतात, ३५ अंशांवर भरपूर दमट हवेत २४ तास ठेवतात. साध्या प्लास्टिकच्या तुलनेत जंतू शंभरातला एक उरला तर माल जंतुरोधक. आता तुमच्या घरातला टीव्हीचा रिमोट आठवा. कोरडा ठणठणीत, वर बोटांचं तेल, आणि २४ तास हात न लावता कोण ठेवतंय? चाचणी खोटी नाही. पण ती प्रयोगशाळेतली आहे.

लेबलावरची बारीक अक्षरं

अमेरिकेत मात्र स्वस्तातला मार्ग होता ट्रायक्लोसान. हेही फिनॉलच्याच घराण्यातलं. १९९० च्या दशकात ते साबणापासून खेळण्यांपर्यंत सगळीकडे घुसलं. १९९७ साली एका बड्या खेळणी कंपनीला पर्यावरण खात्यानं, म्हणजे ईपीएनं, १ लाख २० हजार डॉलर दंड केला. कारण, या खेळण्यांनी मुलांचं रोगजंतूंपासून रक्षण होतं असा दावा पुराव्याशिवाय केला होता. २००० साली ईपीएनं नियम आणखी स्पष्ट केला. प्लास्टिकमधलं द्रव्य त्या वस्तूचंच रक्षण करतं एवढंच म्हणायचं असेल तर म्हणा. माणसाच्या आरोग्याचा दावा करायचा असेल तर पुरावा आणा आणि रीतसर नोंदणी करा. म्हणून पुढच्या वेळी लेबल नीट वाचा. पुढे मोठ्या अक्षरात ‘अँटिमायक्रोबियल’ आणि मागे बारीक अक्षरात ‘हे उत्पादनाच्या संरक्षणासाठी आहे’ असं बहुतेक सापडेल. म्हणजे औषध बोर्डासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

१९९८ मध्ये बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं की ट्रायक्लोसान जंतूच्या एका ठरावीक एन्झाइमवर नेम धरतं. जिथे नेम एकच, तिथे जंतूला तो चुकवायलाही शिकता येतं. शेवटी सप्टेंबर २०१६ मध्ये अन्न व औषध प्रशासनानं ट्रायक्लोसानसह १९ द्रव्यं घरगुती जंतुनाशक साबणांतून काढायचा आदेश दिला. साध्या साबणापाण्यापेक्षा यांचा जास्त उपयोग होतो हे उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. तेव्हापासून प्लास्टिकवाल्यांचाही ओढा खनिजांकडे आणि वनस्पतींकडे जास्तच वाढला.

जिथे खरंच जीव टांगणीला असतो

हे सगळं थोतांड आहे असं मात्र समजू नका. २००८ साली उत्तर अमेरिकेतल्या ५४ इस्पितळांतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांच्या घशात घालायची प्लास्टिकची नळी चांदीचा लेप दिलेली असेल तर न्युमोनियाचं प्रमाण ७.५ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं. हे काही थोडं नाही. मृत्यूच्या प्रमाणात मात्र फरक पडला नाही. आणि याच्या उलटही घडलेलं आहे. १९९७ मध्ये हृदयाच्या कृत्रिम झडपेच्या पॉलिएस्टर कडेला चांदीचा लेप देऊन ती बाजारात आणली होती. कल्पना उत्तम, जंतू बसणार नाहीत. पण काही रुग्णांत झडपेभोवती गळती होऊ लागली आणि जानेवारी २००० मध्ये ती झडप परत घ्यावी लागली. जंतूला जगू न देणारी चांदी आपल्या शरीराच्या जखम भरणाऱ्या पेशींनाही आडवी आली असावी असं मानलं जातं.

२०११ साली ठाण्यात माझा थोरला भाऊ बारा दिवस व्हेंटिलेटरवर होता. मी धावत गेलो. धंद्याची सवय, म्हणून तिथल्या डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न विचारला तो नळीचा. लेप दिलेली आहे का? मी इथून मागवू का? त्या शांतपणे म्हणाल्या, “नळी साधी आहे. पण पलंगाचं डोकं उंच ठेवलंय, तोंड दिवसातून ठरल्या वेळी साफ होतं, आणि हात धुतल्याशिवाय इथे कोणी त्यांना हात लावत नाही. तुम्हीही धुवा.” मी गेलो आणि हात धुतले. दादा बरा होऊन घरी आला. साध्या नळीनं तो बरा झाला असा याचा अर्थ मी काढत नाही. पण प्लास्टिकच्या आधी काय काय यायला हवं, हे त्या बाईंनी मला तीन वाक्यांत सांगितलं.

ओवा आणि माती यांचं लग्न

आता त्या हिरव्या पानाकडे येऊ. थायमॉल आणि त्याचं जुळं भावंड कार्व्हाक्रॉल (ओरेगॅनोतलं) प्लास्टिकमध्ये घालायचं म्हणजे मोठी पंचाईत. थायमॉल ५० अंशांच्या आसपास वितळतो आणि २३२ अंशांना उकळतो. पॉलिप्रॉपिलीन साच्यात घालायचं तापमान जवळपास तेवढंच. मी स्वतः अशा चाचण्या घेतल्या आहेत. हॉपरमधून दाण्याबरोबर थायमॉल सोडला की अर्ध्या वाटेतच त्याची वाफ व्हायची आणि सगळ्या शेडमध्ये ओव्याच्या पानांची भजी तळल्याचा घमघमाट! मशीनवरचा मेक्सिकन कामगार खूश, पण दाण्यात औषध उरलंय किती, तर नावाला. आणि उरलेलंही पुढच्या काही आठवड्यांत कपाटात उडून जाणार. चांदीचं दुखणं असं की ती बाहेर यायला ओल लागते. ओव्याचं दुखणं असं की तो थांबायलाच तयार नाही.

मग त्याला धरून ठेवायला कोणी हवं. ती म्हणजे माती. १९८० च्या दशकात टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉनमध्ये बेंटोनाइटसारख्या मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे मिसळून ते मजबूत केलं होतं. त्यामुळे माती आणि प्लास्टिक यांचं जमतं हे आधीच कळलेलं होतं. पुढे लक्ष गेलं हॅलोसाइटकडे. ही चिनीमातीच्या जातीची, पण तिचे पापुद्रे सुरळीच्या वडीसारखे गुंडाळलेले असतात. यूटापासून न्यूझीलंडपर्यंत ती खाणीत मिळते. एकेक नळी केसाच्या जाडीच्या शेकडो पट बारीक. २०१५ च्या सुमारास इस्रायलमध्ये हैफाच्या टेक्निऑन संस्थेतल्या संशोधकांनी या नळ्यांत कार्व्हाक्रॉल भरलं आणि मग त्या पॉलिथिनच्या फिल्ममध्ये मिसळल्या. नुसतं घातलेलं तेल उडून जात होतं. नळ्यांतलं तेल उष्णतेतून वाचलं आणि नंतर हळूहळू बाहेर येत राहिलं. म्हणजे मातीनं ओव्याला घरात बसवलं! खाद्यपदार्थ जास्त टिकवणाऱ्या वेष्टनासाठी हे खरंच उपयोगी आहे. तिथे वापर काही दिवसांचाच असतो, त्यामुळे औषध संपण्याची चिंता नाही. उलट त्याची वाफ हवीच असते. अडचण उरते ती वासाची. स्ट्रॉबेरीला पिझ्झ्याचा वास आलेला कोणाला चालेल?

पण म्हणून ‘वनस्पतिजन्य’ म्हणजे निर्धोक असं नाही. थायमॉल हा फिनॉलच आहे. जो जंतूला मारतो तो पुरेशा मात्रेत कशालाही मारतो. शेतातून आला की कारखान्यातून, रेणूला त्याची आठवण नसते. आणि जंतुरोधक म्हणजे विषाणुरोधकही नव्हे. २०२० साली कोविड आला तेव्हा अशा वस्तूंना प्रचंड मागणी आली. एप्रिल २०२१ मध्ये सीडीसीनं सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग व्हायची शक्यता सर्वसाधारणपणे १० हजारांत एकाहूनही कमी आहे. तोपर्यंत घरोघरची कपाटं भरली होती.

तेव्हा मंडळी, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. वस्तू हातात घ्या आणि तीन गोष्टी विचारा. हे औषध कोणाला वाचवतंय, मला की वस्तूला? किती दिवस? आणि कोणत्या चाचणीत? पहिल्याचं उत्तर लेबलाच्या मागे असतं, बाकीच्या दोहोंचं बहुधा नसतंच. शॉवरच्या पडद्याला, वेष्टनाच्या फिल्मला, इस्पितळातल्या नळीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. भाजीच्या बोर्डासाठी देऊ नका. तो गरम पाण्यानं, साबणानं घासा आणि उभा करून वाळवा. ओलच नसेल तर जंतू वाढणार तरी कशावर?

आणि यंदा चकलीच्या पिठात ओवा चोळून घालाल तेव्हा हाताचा वास जरूर घ्या. आमच्या एक्स्ट्रूडरला जो शेवटपर्यंत धरून ठेवता आला नाही, तो हाच. दिवाळीच्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!